मूत्राशयाच्या कॅन्सरची ट्रायल: अण्णांना घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील (अण्णा) ६८ वर्षांचे, इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) उभी हयात गेली, विडी आता सुटली आहे. लघवीतून रक्त आलं, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. रिपोर्ट आला ‘टी१, हाय ग्रेड, सोबत सीआयएस’ (टी१ म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरलेली पण स्नायूपर्यंत न गेलेली गाठ, हाय ग्रेड म्हणजे आक्रमक, आणि सीआयएस म्हणजे अस्तरातच सपाट पसरलेला आक्रमक कॅन्सर). सहा आठवडे मूत्राशयात बीसीजी लस सोडून झाली, तीन महिन्यांनी आणखी तीन डोस झाले. नवव्या महिन्यातल्या सिस्टोस्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) सीआयएस पुन्हा दिसलं. गावाकडचे डॉक्टर म्हणतात मूत्राशय काढा. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नव्या औषधाची ट्रायल सुचवली आहे. अण्णा पोटावर लघवीची पिशवी लावून घ्यायला तयार नाहीत. काका म्हणतात, ‘म्हाताऱ्या माणसावर प्रयोग नको.’ बहीण विचारते, ‘नुसतं पाणी टोचलेल्या गटात गेले तर?’ आणि व्हॉट्सॅपवर ‘आयुष्य दुप्पट करणारं इंजेक्शन’ अशी बातमी फिरते आहे, ते अण्णांना का देत नाहीत?

उत्तर:

असे प्रश्न ओपीडीत रोज येतात आणि तिथे दहा मिनिटांत उरकावे लागतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी मूत्रमार्गाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो, काही ट्रायलमध्ये इन्व्हेस्टिगेटर होतो आणि एका एथिक्स कमिटीवरही (ट्रायलमधल्या रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीवर) बसलो आहे. ट्रायलची फाईल समोर आली की नव्या औषधाचं पान मी आधी वाचत नाही. ज्यांना ते औषध मिळणार नाही त्यांना काय मिळणार, ते पान आधी उघडतो. ट्रायलमध्ये जाण्यात अर्थ आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. अण्णांच्या बाबतीत या पानावर एक गंमत आहे, तिच्याकडे येतोच.

काकांचं म्हणणं आधी घेऊ. हो, हा प्रयोगच आहे, आणि तो नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरापासून लांब राहा. पण अण्णांनी घेतलेली बीसीजीही प्रयोगातूनच आली. क्षयाची ही लस मूत्राशयात सोडून पाहिल्याचा पहिला अनुभव १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी छापला, तो जेमतेम नऊ रुग्णांवरचा. आठवड्याला एक असे सहाच डोस का? त्या वेळी लस ज्या पाकिटात यायची त्यात सहा कुप्या असत. त्या सहामागे याहून खोल शास्त्र नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये सहा डोसांनंतर तीन वर्षांपर्यंत ठरावीक काळाने तीन-तीन डोस (याला मेंटेनन्स म्हणतात) द्यायचे की नाहीत याची तुलना झाली. २००० साली तिचे निकाल आले. आजार परत न येण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जातात तो) ३५.७ महिन्यांवरून ७६.८ महिन्यांवर गेला होता. मात्र ठरलेले सगळे डोस पुरे करू शकले फक्त १६ टक्के रुग्ण. लघवीची जळजळ, वारंवार जावं लागणं, ताप, हे सगळं अण्णांना विचारलं तर ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मग साहजिकच कुणीतरी विचारलं, डोस थोडे कमी केले तर? युरोपातल्या निंबस ट्रायलमध्ये एका गटाला पहिल्या फेरीत नेहमीचे सहा डोस, दुसऱ्याला पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात मिळून तीनच, आणि मेंटेनन्समध्येही काटछाट. रुग्णाचा त्रास वाचेल आणि लसही पुरेल, असा हिशोब. जगात बीसीजीचा तुटवडा होता, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. ट्रायल मध्येच थांबवावी लागली. कमी डोसवाल्या १७० पैकी ४६ जणांना आजार परत आला, पूर्ण डोसवाल्या १७५ पैकी २१ जणांना. पाकिटावरून ठरलेला सहाचा आकडा असा टिकला. वैद्यकात हे असंही होतं.

निंबस मी मुद्दाम सांगितली, कारण काकांच्या भीतीचं खरं उत्तर तिथे आहे. ट्रायल चालू असताना एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे उघडून पाहते. औषध देणारे डॉक्टर त्या समितीत नसतात. एका गटाचं नुकसान होतंय असं दिसलं तर ती थांबवायला सांगते. २०१८ मध्येही असंच झालं. पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये किमोऐवजी नुसती इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या ट्रायल चालू होत्या, कीनोट-३६१ आणि आयएमव्हिगर१३०. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन कमी होतं, त्यांच्यात नुसत्या इम्युनोथेरपीवरचे रुग्ण किमोवाल्यांपेक्षा लवकर दगावत होते. समित्यांच्या ते लक्षात आलं, तशा रुग्णांची त्या गटातली भरती बंद झाली, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) सगळ्या डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. विचार करा, हीच औषधं ट्रायलच्या बाहेर, ‘साहेब, नवीन आलंय ते द्या, पैशाचं बघू’ म्हणून दिली गेली असती, तर हे नुकसान कुणाच्या मोजणीत आलं असतं?

आता बहिणीचा प्रश्न. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये चालू, उपयोगी उपचार काढून घेऊन त्याजागी खोटं औषध देत नाहीत. असं खोटं औषध, म्हणजे प्लासिबो, येतो तो दोनच ठिकाणी: दोन्ही गटांना नेहमीचे उपचार असतात आणि वर एकाला नवं औषध, दुसऱ्याला प्लासिबो; किंवा जिथे प्रचलित पद्धतच ‘लक्ष ठेवा, काही देऊ नका’ अशी असते. चेकमेट-२७४ दुसऱ्या प्रकारची होती. मूत्राशय काढून झालेले, पण आजार परतायचा धोका मोठा असलेले ७०९ रुग्ण. एका गटाला वर्षभर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, दुसऱ्याला प्लासिबो. आजाराशिवायचा मध्यक काळ निवोलुमॅबवर २०.८ महिने, प्लासिबोवर १०.८. प्लासिबोवाल्यांचं काही काढून घेतलेलं नव्हतं. ट्रायलबाहेर असते तरी त्यांच्यावर नुसतं लक्षच ठेवलं असतं.

याच टप्प्यावरची, म्हणजे ऑपरेशननंतरची, अटेझोलिझुमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपीची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. आयएमव्हिगर०१० मध्ये ते औषध धोका जास्त असलेल्या सगळ्यांना दिलं आणि ट्रायल पडली, म्हणजे फायदा दिसला नाही. पण साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं की ज्यांच्या रक्तात ऑपरेशननंतरही गाठीच्या डीएनएचे अंश फिरत होते, त्यांना औषधाचा फायदा झालेला असावा. ‘असावा’ एवढ्यावर थांबायचं नसतं, म्हणून आयएमव्हिगर०११ उभी राहिली: रक्तात डीएनए सापडला तरच औषध किंवा प्लासिबो, नाही सापडला तर नुसती देखरेख. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल आला. डीएनए सापडलेल्यांत आयुर्मानाचा मध्यक प्लासिबोवर २१.१ महिने, औषधावर ३२.८. आणि ज्यांच्या रक्तात डीएनए सापडलाच नाही, त्यांच्यापैकी ८८ टक्के लोक काहीही न घेता दोन वर्षांनी आजारमुक्त होते. औषध तेच, ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे पडलेल्या ट्रायलमुळे कळलं.

व्हॉट्सॅपची बातमी खरी आहे, पण ती अण्णांची नाही. ती बहुधा ईव्ही-३०२ या ट्रायलची असणार. ऑक्टोबर २०२३ मध्ये माद्रिदच्या परिषदेत तिचे निकाल सांगितले गेले तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि कॅन्सरच्या परिषदांत असं क्वचित घडतं. ८८६ रुग्ण, सगळ्यांचा आजार पसरलेला किंवा ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. नेहमीच्या किमोवर आयुर्मानाचा मध्यक १६.१ महिने, एन्फॉर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीवर ३१.५. ‘दुप्पट’ आलं ते इथून. अण्णांचा आजार मूत्राशयाच्या अस्तरात आहे, स्नायूत नाही, पसरलेला नाही. त्यांना हे इंजेक्शन द्यायचा आज प्रश्नच येत नाही. वर त्या जोडीने अंगावर पुरळ, हातापायांना मुंग्या, साखर वाढणं, असे त्रास होतात, ते वेगळेच.

याही ट्रायलच्या दुसऱ्या गटाचं पान मी उघडलं होतं. किमोला दाद दिलेल्या रुग्णांना नंतर अवेलुमॅब देत राहिलं तर आयुष्य वाढतं, हे २०२० मध्ये जॅव्हेलिन ट्रायलने दाखवलं होतं: मध्यक १४.३ महिन्यांवरून २१.४. पण ईव्ही-३०२ च्या किमो गटात ते अवेलुमॅब सुमारे ३० टक्के लोकांनाच मिळालं. सगळ्या देशांत ते उपलब्ध नव्हतं. म्हणजे तुलनेची बाजू थोडी लंगडी होती. तरी फरक इतका मोठा आहे की माझ्या मते निकाल बदलत नाही. पण फरक दोन-तीन महिन्यांचा असता तर याच एका ओळीवर मी ती ट्रायल बाजूला ठेवली असती.

आता अण्णांकडे. वर ज्याला गंमत म्हटलं ती ही: अण्णांना सुचवलेल्या प्रकारच्या बहुतेक ट्रायलमध्ये दुसरा गटच नसतो. सगळ्यांना नवं औषध. बहिणीची चिंता तिथेच मिटते, पण माझी सुरू होते.

दुसरा गट का नसतो? बीसीजीला दाद न दिलेल्या सीआयएससाठी खात्रीचा उपचार एकच, मूत्राशय काढणं. अर्ध्या लोकांचं मूत्राशय चिठ्ठी टाकून काढायचं आणि अर्ध्यांना औषध द्यायचं, याला कोण तयार होईल? आणि सीआयएस आपोआप नाहीसं होत नाही, त्यामुळे ते गेलं तर श्रेय औषधाला देता येतं. म्हणून एफडीएने २०१८ मध्ये या गटासाठी एका गटाच्या ट्रायलवर मंजुरी देण्याची तयारी दाखवली. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण एका गटाच्या ट्रायलवर मिळालेली मंजुरी किती ठिसूळ असते, याचे दाखले आमच्याच आजारात आहेत. अटेझोलिझुमॅबला पसरलेल्या आजारासाठी २०१६ मध्ये अशीच घाईची मंजुरी मिळाली. मग ९३१ रुग्णांच्या, दोन गटांच्या ट्रायलमध्ये, ज्या रुग्णांवर मुख्य भिस्त होती त्यांच्यात मध्यक ११.१ महिने विरुद्ध किमोवर १०.६, फरक नाहीच. २०२१ मध्ये कंपनीने ती मंजुरी अमेरिकेत परत दिली. ड्युर्व्हालुमॅबचंही त्याच वर्षी तसंच झालं, आणि २०२४ मध्ये सॅसिटुझुमॅबचं. गमतीचा भाग असा की ड्युर्व्हालुमॅब पुढच्या दाराने परत आलं: ऑपरेशनच्या आधी किमोबरोबर आणि ऑपरेशननंतर एकटं, अशा पद्धतीने. नायगारा ट्रायलमध्ये १०६३ रुग्णांवर ते तपासलं आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७५.२ वरून ८२.२ टक्के झालं. या वेळी दुसरा गट होता, त्याला रीतसर किमो आणि ऑपरेशन मिळालं होतं, म्हणून हा आकडा मी रुग्णांना निःशंक सांगतो.

तेव्हा अण्णांच्या ट्रायलचे आकडे ऐकताना एक काळजी घ्या. तुम्हाला सांगितला जाणारा टक्का बहुधा तिसऱ्या महिन्याचा किंवा ‘कधी ना कधी आजार गेला’ असा असतो. वर्षाचा विचारा. पेम्ब्रोलिझुमॅबच्या कीनोट-०५७ या ट्रायलमध्ये ९६ पैकी ३९ जणांचं सीआयएस गेलं, म्हणजे ४१ टक्के. पण त्या ३९ मधल्या निम्म्याहून कमी लोकांत तो परिणाम वर्षभर टिकला. शंभर जणांनी सुरू केलं तर वर्षाने साधारण १९. नॅडोफॅराजीन या जनुकीय औषधात तीन महिन्यांनी १०३ पैकी ५५ जणांचा आजार गेलेला, वर्षाने २५ जणांचा. टार-२०० ही गोष्ट वेगळी आहे: सुतळीच्या वेटोळ्यासारखी एक लहानशी नळी मूत्राशयात ठेवतात, ती तीन आठवडे आत राहून जेमसायटाबिन हे किमोचं औषध थोडं थोडं सोडत राहते. तिला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ८२ टक्के लोकांत सीआयएस गेलं आणि त्यातल्या ५१ टक्के लोकांत ते वर्षभर परतलं नाही. म्हणजे शंभरातले बेचाळीस. यातल्या सगळ्यात चांगल्या आकड्यातही अर्ध्याहून जास्त लोकांना वर्षाच्या आत पुन्हा ऑपरेशनच्याच दाराशी उभं राहावं लागतं. हे अण्णांना आकड्यांनिशी सांगा. ‘चांगला रिझल्ट आहे म्हणे’ असं मोघम सांगू नका.

आणि मधल्या काळाची किंमत आहे. सीआयएस अस्तरात असतं तोवर मूत्राशय काढलं तर बहुतेक रुग्ण या आजारातून सुटतात. वाट पाहता पाहता ते स्नायूत शिरलं, तर ऑपरेशन तेच राहतं पण हमी तेवढी राहत नाही. म्हणून अशा ट्रायलच्या कागदात मी एक ओळ शोधतो: कितव्या महिन्यात बायोप्सी, आणि तेव्हा आजार दिसला तर ट्रायल तिथेच संपून रुग्ण ऑपरेशनकडे जातो की ‘आणखी एक फेरी देऊन पाहू’ अशी सवड ठेवली आहे? हाय ग्रेड टी१ची गाठ दिसली तर सवड नसावी, असं माझं मत. अण्णांचा पहिला रिपोर्ट टी१ होता, हे विसरू नका.

पण या सगळ्याच्या आधी अण्णा ट्रायलमध्ये बसतात का? ‘बीसीजीला दाद दिली नाही’ याची व्याख्या ठरलेली आहे. पहिल्या सहातले किमान पाच डोस, आणि वर मेंटेनन्सच्या तीनातले किमान दोन झालेले हवेत. सीआयएस शेवटच्या डोसापासून १२ महिन्यांत परत आलेलं हवं. नुसती गाठ असेल तर ६ महिन्यांत. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सहा अधिक तीन झाले आहेत आणि आजार मुदतीत परतला आहे, तेव्हा ते बसावेत. मात्र हे सिद्ध करायला कागद लागतो. डिस्चार्ज कार्डावर ‘बीसीजी दिली’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर रुग्ण परत जाताना मी पाहिले आहेत. प्रत्येक डोसाची तारीख, ब्रँड, किती मिलिग्रॅम आणि बॅच नंबर, हे जिथे डोस झाले तिथल्या रजिस्टरवरून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. आपल्याकडे पुण्याच्या सीरमची ऑन्को-बीसीजी बऱ्याच ठिकाणी वापरतात. ट्रायलला ती चालते का, हेही आधीच फोनवर विचारा.

दुसरा कागद पॅथॉलॉजीचा. रिपोर्टमध्ये ‘स्नायू आहे, पण आजारमुक्त आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा. नमुन्यात स्नायूच नसेल तर आजार स्नायूत शिरलेला नाही, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, मग पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन करावं लागतं. ट्रायलवाले मूळ ब्लॉकही मागतील. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो लॅबमध्ये असतो आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. सोमवारी मुंबईला पोचायचं आणि ब्लॉक जयसिंगपूरच्या लॅबमध्ये, असले हेलपाटे फार लोकांना पडतात. तपासणीची मुदत ठरावीक आठवड्यांचीच असते, ती ब्लॉकसाठी वाया घालवू नका.

‘डॉक्टरांच्या ओळखीने चांगल्या गटात टाकता येईल का?’ तुम्ही हे विचारलेलं नाही, पण काका विचारतील. जिथे दोन गट असतात तिथे वाटणी संगणक करतो. माझा सख्खा भाऊ असला तरी मला ती बदलता येत नाही. वशिला चालत नाही, अशी आपल्याकडची ही दुर्मिळ जागा आहे.

ट्रायल खरी आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. भारतात चालणारी प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत हवी. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. नोंदीचा नंबर ‘सीटीआरआय’ मग वर्ष, महिना आणि क्रमांक असा असतो. हॉस्पिटलकडे तो मागा. नोंदीत रुग्ण कोणते घेणार, कुठल्या हॉस्पिटलांत, तुलना कशाशी, प्रायोजक कोण, सगळं असतं. नंबर द्यायला का-कू केली तर तिथून उठा. तिथेच शोधलंत तर कंपन्यांनी न काढलेल्या ट्रायलही दिसतील. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेली बार्ट ही त्यातली एक. मूत्राशय काढल्यावर धोका जास्त असलेल्यांना ओटीपोटावर रेडिएशन द्यावं की नुसतं लक्ष ठेवावं, हा तिचा प्रश्न. असे प्रश्न औषध कंपन्या विचारत नाहीत, कारण त्यांना विकायला त्यात काही नसतं.

संमतीचा फॉर्म मराठीत मिळणं हा अण्णांचा हक्क आहे. तो घरी न्या, दोन दिवस ठेवा, गावच्या डॉक्टरांना वाचायला द्या. तिथल्या तिथे सही मागणं गैर आहे. अण्णांना वाचता येत नसेल तर हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो, आणि काही ट्रायलमध्ये संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. कोऑर्डिनेटर कॅमेऱ्यासमोर विचारतो, ‘तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ एका शेतकरी आजोबांनी उत्तर देण्याऐवजी त्यालाच विचारलं होतं, ‘औषध लागू पडत न्हाई हे तुमास्नी कवा कळणार, आन् मला कवा सांगणार?’ फॉर्म जाडजूड होता, पण कामाचा प्रश्न हाच होता. अण्णांनीही तोच विचारावा.

फॉर्ममध्ये आणखी एक ओळ शोधा: ‘रुग्णाला मूत्राशय काढण्याचा सल्ला दिला होता व त्याने तो नाकारला.’ ती असणारच. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास भरपाई मिळते. आठ लाख रुपये पायाभूत धरून वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांवर ती ठरते. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार ट्रायलच्या आराखड्यामुळे दिला गेला नाही आणि नवं औषधही लागू पडलं नाही, तर त्यालाही नियमांत इजा मानलं आहे. पण उपचार रुग्णानेच नाकारला असेल तर भांडायला जागा कमी उरते. अण्णांनी ती ओळ समजून सही करावी. आणि मध्येच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं, पुढच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. एथिक्स कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर छापलेला असतो. तो वापरणारे लोक फार थोडे, वापरा.

खर्चाचं. ट्रायलचं औषध आणि केवळ ट्रायलसाठी होणाऱ्या तपासण्या यांचा पैसा रुग्णाकडून घ्यायचा नसतो. गोची होते ती ‘एरवीही कराव्या लागल्याच असत्या’ अशा गोष्टींत: दुर्बिणीची तपासणी, सीटी स्कॅन, ॲडमिशन. यातलं कोण भरणार ते एकेक करून विचारा आणि लिहून घ्या. येण्याजाण्याचा खर्च मिळतो का, कुणासोबत आलेल्याचा मिळतो का, तेही. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. उपचार टाटामध्ये असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असू द्या, आणि जागेची चौकशी आधीच करा.

ट्रायल आणि ऑपरेशन यांच्यामध्ये तिसरी एक वाट आहे, तुम्हाला ती कुणी सांगितलेली दिसत नाही. जेमसायटाबिन आणि त्यानंतर लगेच डोसिटॅक्सेल, दोन्ही मूत्राशयातच सोडतात, आठवड्याला एकदा असं सहा आठवडे, मग महिन्याला एकदा. दोन्ही जुनी, जेनेरिक, आपल्याकडे सहज मिळणारी औषधं. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून बीसीजीनंतर आजार परतलेल्या २७६ रुग्णांचा अनुभव २०२० मध्ये छापला. दोन वर्षांनी ४६ टक्के लोकांत आजार परतलेला नव्हता. तो मागे वळून पाहिलेला हिशोब आहे, ट्रायल नव्हे, आणि त्यात सगळे अण्णांसारखे सीआयएसवाले नव्हते. तरी लाखोंच्या नव्या औषधांच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ही जोडी थेट बीसीजीच्या समोर उभी करणारी ब्रिज नावाची ट्रायल अमेरिकेत सरकारी पैशातून निघाली. जेनेरिकसाठी कंपनीचा पैसा कुठून येणार! मुंबईच्या डॉक्टरांना सरळ विचारा: तुमच्या ट्रायलमधल्या औषधाऐवजी ही जोडी दिली तर अण्णांचं काय बुडतं? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. फक्त एक लक्षात असू द्या, ही जोडी आधी घेतली तर काही ट्रायलचं दार बंद होतं. क्रम ठरवूनच पाऊल टाका.

पिशवीबद्दलही थोडं. अण्णांनी ‘नाही’ म्हटलंय ते कशाला बघून? मूत्राशय काढल्यावर पोटावर पिशवी हा एकच मार्ग नाही; काही रुग्णांत आतड्याचंच नवं मूत्राशय करता येतं, किडनी आणि मूत्रनलिकेची अवस्था बरी असेल तर. आणि पिशवीवाले लोक शेतात जातात, एसटीने फिरतात. हॉस्पिटलच्या स्टोमा नर्सला (पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सला) सांगून अण्णांची अशा एखाद्या माणसाशी गाठ घालून द्या, शक्यतो त्यांच्याच वयाच्या. त्यानंतरही नको म्हणाले तर तो त्यांचा निर्णय, आणि मग ट्रायल किंवा ती जोडी यांना पूर्ण अर्थ येतो.

मुंबईला जाताना बीसीजीच्या नोंदी, दोन्ही वेळचे पॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉक, सिस्टोस्कोपीचे फोटो किंवा सीडी, ताजं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. प्रोसेस हाऊसमधलं काम आणि विडी हेही सांगा. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो, हे जर्मनीत १८९५ सालीच लक्षात आलं होतं. अण्णांसोबत खात्यात काम केलेल्या कुणाला लघवीतून रक्त जात असेल, एकदाच आणि न दुखता गेलं असलं तरी, त्यांनाही तपासायला सांगा. आणि पुढची सिस्टोस्कोपी, ट्रायलचं ठरो न ठरो, तीन महिन्यांच्या पुढे ढकलू नका.